इंजिनाचा सुस्कारा

आमच्या कोल्हापूरच्या घरी 10 वर्षांची एक पेट्रोल मोटार आहे. दिवाळीच्या सुट्टीत अकरावीत शिकणाऱ्या नातवाने तिचा एअर फिल्टर स्वतःच्या हाताने बदलला. क्लिपा उघडायच्या, झाकण उचलायचे, जुना फिल्टर काढून नवा बसवायचा, काम एवढेच. दुसऱ्या दिवशी चिरंजीव गाडी घेऊन दुकानी गेले आणि दुपारी परतले ते कपाळाला आठ्या घालूनच. वेग वाढवताना बॉनेटखालून घोंघावल्यासारखा आवाज येत होता. वाटेत एका गॅरेजात दाखविले, तेव्हा तेथील मिस्त्रीने एकदा रेस करून पाहिली आणि थ्रॉटल बॉडी बदलावी लागेल, प्रसंगी इंजिनही खोलावे लागेल, असा निर्णय देऊन टाकला. अंदाजे खर्च 18 हजार रुपये. राग अर्थातच मुलावर निघाला. ‘‘कुणी सांगितलं होतं हात लावायला?’’ हा प्रश्न उत्तरासाठी विचारलेला नव्हता. मुलगा काही बोलला नाही. रात्री जेवतानाही बोलला नाही.

माझी उमेद बँकेत गेली. दिवसअखेर रोकड जुळली नाही, तर आम्ही शेवटच्या तासाभरातील व्हाउचरे पुन्हा चाळीत असू. फरक बहुधा तेथेच सापडे. मात्र शेवटची नोंद तपासणे आणि ती नोंद करणाऱ्या कारकुनाला दोषी ठरविणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे उमगायला मला बरीच वर्षे लागली. एका तरुण कारकुनाला मी असेच विनाकारण बोललो होतो. ते आठवले आणि मी चिरंजीवांना म्हणालो, ‘‘दोन दिवस थांब. गाडी आम्ही दोघे पाहतो.’’

वाचकहो, इंजिन हा मुळात हवा ओढणारा पंप आहे. 1200 सीसीचे इंजिन दर दोन फेऱ्यांत जास्तीत जास्त सुमारे 1.2 लिटर हवा आत घेते. मिनिटाला 3000 फेऱ्या आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असेल, तर हिशेब मिनिटाला 1800 लिटरच्या घरात जातो. ही हवा संथ धारेने येत नाही. चार सिलिंडर आळीपाळीने घोट घेतात. त्या वेगाला सेकंदाला 100 घोट! इतक्या घोटांचा गलका आपल्या कानी पडत नाही, कारण फिल्टरची पेटी, रबरी नळी आणि बहुतेक गाड्यांत नळीच्या कडेला जोडलेला एक बंद डबा मिळून तो गिळून टाकतात. हा डबा अडगळ वाटतो, पण रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जो सूर निघतो, त्याच तत्त्वावर तो चालतो. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात अशा पोकळ्यांचा अभ्यास केला होता. तो डबा पुन्हा जोडायचा राहिला, तर एखाद्या ठरावीक वेगालाच गाडी घुमू लागते.

म्हणून पहिला प्रश्न आवाज केव्हा येतो हा. नळीच्या टोकाला थ्रॉटलचा पडदा असतो. ॲक्सिलरेटर दाबला की तो उघडतो. गाडी उभ्या जागी मंद चालू असताना पडदा जवळजवळ मिटलेला असतो आणि त्याच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला, हवेचा दाब फार कमी असतो. तेथे एखादी बारीक नळी निसटली, तर उभ्या गाडीतच फुत्कार ऐकू येतो, फेऱ्या वरखाली होतात आणि ॲक्सिलरेटर दाबला की आवाज उलट कमी होतो. पडद्याच्या अलीकडे फिल्टरपर्यंतच्या भागात मात्र दाब बाहेरच्या हवेइतकाच असतो. तेथील चीर उभ्या गाडीत मुकी राहते आणि वेग घेताना ओरडते. आमची गाडी उभी असताना अगदी शांत होती. म्हणजे दोष पडद्याच्या अलीकडे असण्याचीच शक्यता अधिक, आणि इंजिन खोलण्याची भाषा म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

सकाळी इंजिन थंड असताना आम्ही आरंभ केला. जुना आणि नवा फिल्टर शेजारी ठेवून पाहिले. रबरी कडा सारखीच जाड होती. (स्वस्तातल्या फिल्टरची कडा पातळ असते आणि मग झाकण लागूनही फट उरते.) क्लिपा नीट बसल्या होत्या. मग बागेच्या पाइपाचा हातभर तुकडा घेतला. त्याचे एक टोक नातवाने कानाशी धरले, दुसरे तो नळीवरून सावकाश फिरवू लागला. मी आत बसून ॲक्सिलरेटर दाबीत होतो. हात पट्ट्यापासून आणि पंख्यापासून दूर ठेवण्याची ताकीद आधीच दिली होती. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही एकाएकी फिरू लागतो. गळती शोधण्यासाठी काही जण कार्ब्युरेटर साफ करण्याचा स्प्रे मारतात. तो पेट घेणारा असतो. तापलेल्या इंजिनावर तो मुळीच मारू नये.

‘‘आजोबा, इथं!’’

पेटीपासून थ्रॉटलकडे जाणारी वळ्यावळ्यांची रबरी नळी होती. इंजिन बंद करून तिची खालची बाजू बोटांनी वाकवली, तेव्हा दोन वळ्यांच्या मधली दोन बोटे लांबीची चीर ओठांसारखी उघडली. हात काढला की मिटे. वेग घेताना इंजिन किंचित कलते आणि तेव्हाच ती उघडत असणार. चिरेवर चिकटपट्टी गुंडाळून गाडी रंकाळ्यापर्यंत नेली. आवाज नाहीसा झाला. चिकटपट्टी हा उपचार नव्हे, तो केवळ पुरावा. दुसऱ्या दिवशी नवी नळी आणि दोन क्लॅम्प आणले, 940 रुपयांत.

आता दोष कोणाचा? रबर 10 वर्षांच्या उष्णतेने आणि तेलाच्या वाफेने कडक झाले होते. चिरेच्या आतल्या कडा काळवंडून धुळीने भरल्या होत्या. म्हणजे ती कालची खचित नव्हती. फिल्टर ओलांडून धूळ थेट सिलिंडरात जात होती, कोण जाणे किती महिने. ऊसतोडीच्या हंगामातली आपल्याकडील रस्त्यांची धूळ वाचकांना सांगायला नको. ती आतल्या भिंती घासत राहिली असती, तर इंजिन खोलण्याची वेळ खरोखरच आली असती. नातवाच्या हाताने ती चीर रुंदावली, ओरडू लागली, आणि म्हणून सापडली.

हे मी चिरंजीवांना सांगत असताना नातू मध्येच म्हणाला, ‘‘पण क्लॅम्प सैल न करताच मी झाकण ओढलं होतं. नळी तेव्हा पिळली गेली.’’ कोणी विचारले नव्हते. चिरंजीव त्याच्याकडे थोडा वेळ पाहत राहिले आणि आत निघून गेले.

गेल्या रविवारी त्यांनी दुकानाचा टेम्पो दारात आणून उभा केला आणि नव्या फिल्टरचा खोका मुलाच्या हाती दिला. मी व्हरांड्यातून पाहत होतो. नातवाने स्क्रूड्रायव्हर घेतला आणि पहिल्यांदा क्लॅम्प सैल केला.