वाढीच्या पत्रावर दोन ओळी हव्यात

एप्रिल-मे महिन्यांत खासगी कचेऱ्यांतून पगारवाढीची पत्रे वाटली जातात. वर वर्षभराच्या कामाचे कौतुक असते आणि खाली एकच आकडा: पाच टक्के, सहा टक्के, कुठे आठ. हा आकडा चांगल्या कामाबद्दल आहे, असे पत्र सांगते. प्रत्यक्षात त्यातला बराचसा भाग, कित्येकदा सगळाच, किराणा, घरभाडे आणि औषधांनी आधीच खाल्लेला असतो. पगाराची झालेली झीज भरून देणे वेगळे आणि पगार वाढवणे वेगळे. दोन्ही एकाच आकड्यात कालवले की आपल्या अनुभवाची काय किंमत झाली, हे नोकरदाराला कधीच कळत नाही.

हिशेबासाठी केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या महागाई भत्त्याचा दर घ्यावा. सातवा वेतन आयोग १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला तेव्हा हा भत्ता शून्यावर आला. जुलै २०२५ मध्ये तो ५८ टक्के झाला. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावरून तो ठरतो; म्हणजे सरकारच्याच मोजणीने जगण्याचा खर्च साडेनऊ वर्षांत दीडपटीच्या पुढे गेला. आता जानेवारी २०१६ मध्ये वीस हजारांवर नोकरीला लागलेला एखादा खासगी नोकरदार घ्या. दर वर्ष भरले की, एकदाही न चुकता, त्याला पाच टक्के वाढ मिळाली असे धरू. नऊ वाढींनंतर त्याचा पगार ३१,०२६ रुपये होतो. पूर्वी वीस हजारांत जे भागत होते, तेवढेच भागवायला त्याला ३१,६०० रुपये लागतात. नऊ वर्षांत तो कामात मुरला, नव्या मुलांना शिकवू लागला, त्याच्यावरची जबाबदारी वाढली. आणि तो जिथे सुरू झाला त्याच्याही पावणेसहाशे रुपये मागे उभा आहे. त्याला नऊ पत्रे मिळाली आणि नऊही पत्रांत ‘वाढ’ हाच शब्द होता.

हे सुद्धा एकही वर्ष कोरडे गेले नाही असे धरून. कोविडच्या काळात अनेकांची वाढ थांबली, अनेकांचे पगार कापले गेले. सरकारी भत्ताही जानेवारी २०२० पासून दीड वर्ष गोठवला होता आणि त्या काळाची थकबाकी मिळाली नाही. पण जुलै २०२१ मध्ये दर १७ वरून थेट २८ टक्क्यांवर नेला गेला, मधली पोकळी पुढच्यापुरती तरी भरली. खासगी नोकरीत बुडालेली वाढ अशी परत येत नाही. पुढची प्रत्येक वाढ त्या खालच्याच पायरीवरून मोजली जाते.

शिवाय निर्देशांक सरासरीचा असतो. औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकात खाण्यापिण्याचा भार ३९ टक्क्यांच्या आसपास आणि घराचा सुमारे १७ टक्के आहे. मुंबई-पुण्यात भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाला हे १७ टक्के आपल्या घरचे वाटणार नाहीत. भाड्याचा करार अकरा महिन्यांचा, आणि तो नव्याने करताना भाडे वाढणार हे गृहीतच असते. प्रवासाचेही तसेच. जानेवारी २०२५ मध्ये एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. मे महिन्यात बेस्टचे किमान भाडे पाचाचे दहा रुपये झाले. २०१९ मध्ये ते आठावरून पाचावर उतरवले होते हे खरे, आणि बेस्टची तंगीही खरी. पण रोज जाता-येता तिकीट काढणाऱ्याचा महिन्याचा खर्च, २६ दिवस धरले, तर २६० वरून ५२० झाला. पंधरा हजार पगारावर पाच टक्के म्हणजे साडेसातशे. त्यातला तिसरा हिस्सा एका बसच्या तिकिटात गेला, आणि अजून किराणा मोजलेलाही नाही.

महागाई मोजून ती पगारात भरून देण्याची रीत मुंबईला नवी नाही. १९२१ मध्ये मुंबई सरकारने लेबर ऑफिस काढले आणि कामगारांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक काढायला सुरुवात केली. पाया होता जुलै १९१४ चा. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गिरणी कामगारांचा महागाई भत्ता त्याच मोजणीला बांधला गेला. कामगारांच्या संघटित रेट्याशिवाय हे टिकले नसते. आज सरकारी नोकराला जानेवारी आणि जुलैत भत्ता वाढवून मिळतो आणि तीन टक्के वार्षिक वाढ त्याखेरीज. त्याच्याबद्दल असूया नको, त्याला मिळते ते रास्तच आहे. राज्यातल्या किमान वेतनातही मूळ वेतनाखाली ‘विशेष भत्ता’ असतो आणि तो दर सहा महिन्यांनी निर्देशांकानुसार बदलतो. म्हणजे वरच्या टोकाला आणि अगदी तळालाही कायद्याने दोन वेगळ्या ओळी मान्य केल्या आहेत. मधल्या माणसाला, म्हणजे पेढीवरचा हिशेबनीस, खासगी रुग्णालयातली परिचारिका, विनाअनुदानित शाळेतली शिक्षिका यांना, ती दुसरी ओळच नाही.

म्हणून मागणी साधी आहे. वाढीच्या पत्रावर पहिली ओळ महागाईच्या भरपाईची असावी, निर्देशांकाचा आकडा लिहून. दुसरी ओळ खऱ्या वाढीची. छोट्या कारखानदाराला एखाद्या वर्षी दुसऱ्या ओळीत शून्य लिहावे लागेल. त्याने ते लिहावे आणि माणसाला समोर बसवून कारणही सांगावे. चार टक्के भरपाई देऊन तिला बक्षीस म्हणण्यापेक्षा ते माणुसकीचे होईल.

आणि ही दुरुस्ती निवृत्तांपर्यंत जायला हवी. भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतले किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ मध्ये महिना एक हजार रुपये ठरले. त्याला महागाई भत्ता जोडलेला नाही. २०२५ च्या डिसेंबरातही ते एक हजारच होते. त्यात भत्त्यासह वाढ व्हावी म्हणून या योजनेतले निवृत्त लोक बुलढाण्यात साखळी उपोषणाला बसत आले आहेत. कुणी गिरणीत, कुणी साखर कारखान्यात, कुणी एसटीत आयुष्य घातलेली ही माणसे आहेत, आणि त्यांची मागणी पुढच्या वेतन आयोगाइतक्याच निकडीने संसदेत बोलली गेली पाहिजे.