पद्मिनी रुसली? आधी बॉनेट उघडा!

आजोबांची प्रीमियर पद्मिनी घेऊन रील शूट करायला निघालाय? मस्त! पण खंबाटकी घाट चढून चहाला थांबलात आणि गाडी परत सुरूच झाली नाही, तर? बहुतेक जण दोनच गोष्टी करतात. सेल्फ मारत राहतात आणि घरी फोन लावतात. पहिल्याने बॅटरी उतरते, दुसऱ्याने फक्त बोलणी बसतात.

खरं तर ही गाडी तुमच्या फोनपेक्षा कितीतरी सोपी आहे. सेन्सर नाहीत, कम्प्युटर नाही. सेल्फ नुसता 'टक्' करतोय? बॅटरीची टर्मिनल्स सैल आहेत का बघा. इंजिन फिरतंय पण पकडत नाही? मग ठिणगी नाही, नाहीतर पेट्रोल नाही. प्लगच्या वायरी, डिस्ट्रिब्युटरची कॅप, आतले पॉइंट तपासा. (पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर मात्र सेल्फला हात लावू नका, आधी गळती शोधा.) घाटात तापलेल्या गाडीची भानगड बऱ्याचदा वेगळीच असते. पेट्रोलची पंपातच वाफ होते, ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचतच नाही. पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि गाडी थंड होईपर्यंत निवांत बसायचं. जुने ड्रायव्हर हेच करायचे.

२०२३ मध्ये मुंबईतून पद्मिनी टॅक्सी गेली. तिची नस ओळखणारे मेकॅनिकही आता म्हातारे झालेत. म्हणून म्हणते, गाडी गावाबाहेर काढण्याआधी एक रविवार अशा एखाद्या काकांच्या गॅरेजमध्ये घालवा. पाने, पॉलिश पेपर, जादा पॉइंट डिकीत टाका. तोवर रील सोसायटीच्या पार्किंगमध्ये काढा की!