घोट्याची किंमत काम बघून ठरते

ड्रेसिंग करताना हमखास प्रश्न येतो, “ताई, घोटा मोडला, किती मिळतील?” ठरलेला आकडा नसतो. रस्ते अपघातात न्यायाधिकरण उपचाराचा खर्च, बुडालेली मजुरी, वेदना आणि पुढे घटणारी कमाई बघतं. ‘राजकुमार विरुद्ध अजयकुमार’ खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, पायाच्या अपंगत्वाचे टक्के म्हणजेच कमाईच्या नुकसानीचे टक्के नव्हेत. माणसाचं काम बघा. पळसदरीतून बांधकामावर जाणाऱ्या बाईचा घोटा आखडला तर ती घमेलं घेऊन चढणार कशी? तसल्याच पायाने कारकुनाचा पगार चालू राहतो. म्हणून डॉक्टरांना आपलं काम सांगून लिहून घ्या. केसपेपर, एक्स-रे, पावत्या जपा (प्लास्टर निघालं की फेकता!). अर्ज सहा महिन्यांच्या आत करा. आणि गाडीवाल्याचे पाच हजार घेऊन कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका.