आगाऊ भरणा, उधार न्याय

मराठीत ‘आगाऊ’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. मुदतीपूर्वी दिलेली रक्कम ती आगाऊ आणि नको तेथे पुढे सरसावणारा माणूस तोही आगाऊच. नवे आर्थिक वर्ष उजाडताच घरपट्टी भरून मोकळा होणारा नागरिक पहिल्या अर्थाने आगाऊ असतो. जादा गेलेली रक्कम परत मागण्यासाठी तो कार्यालयाची पायरी चढला, की त्याला दुसऱ्या अर्थाने आगाऊ ठरविले जाते. खानदेशातील जळगाव व धुळे या दोन शहरांनी या विसंगतीचा गांभीर्याने विचार करावयास हवा.

दोन्ही शहरांना २००३ मध्ये महापालिकेचा दर्जा मिळाला. महापालिका अधिनियमानुसार मालमत्ता कर मुळातच आगाऊ देय असतो. वर्षाचे दोन भाग पाडून १ एप्रिल व १ ऑक्टोबर रोजी. संपूर्ण वर्षाची रक्कम आरंभीच भरणाऱ्यास सूट देऊन त्याला प्रोत्साहनही दिले जाते. हे धोरण योग्यच आहे. पाणी, दिवाबत्ती, सफाई यांचा खर्च वर्षअखेरीची वाट पाहत थांबत नाही.

परंतु जेथे आगाऊ भरणा आहे, तेथे परताव्याचा प्रसंगही अटळ आहे. ऑनलाइन भरताना पावती निघत नाही म्हणून नागरिक पुन्हा भरणा करतो आणि दोन्ही रकमा खात्यातून वळत्या होतात. घराची विक्री होते, नोंद बदलण्यास विलंब लागतो आणि विकणारा व घेणारा दोघेही एकाच वर्षाचा कर भरतात. मोजणीत चूक होते, हरकतीनंतर आकारणी कमी होते. धुळ्याच्या हद्दीत २०१८ मध्ये ११ गावे समाविष्ट झाली. अशा हद्दवाढीनंतर नव्या आकारणीत हरकती निघणे स्वाभाविकच असते. करपात्र मूल्याविरुद्ध न्यायालयात अपील करावयाचे, तर मागणीची रक्कम आधी जमा करावी, अशी कायद्याची अट आहे. ‘आधी भरा, मग भांडा’ असे जो कायदा सांगतो, त्याला ‘जिंकल्यास तत्काळ परत घ्या’ हेही तितक्याच ठामपणे सांगावे लागेल.

प्रत्यक्षात अशा वेळी सर्वांत सोयीचे उत्तर म्हणजे ‘पुढील बिलात वळते करू’. पुणे महापालिकेचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. मालक स्वतः राहत असलेल्या निवासी मिळकतींना १९७० पासून मिळणारी ४० टक्के सवलत तेथे लेखापरीक्षणातील आक्षेपांनंतर बंद झाली. २०२३ मध्ये राज्य शासनाने ती पुन्हा लागू केली. मधल्या काळात ज्यांनी पूर्ण कर प्रामाणिकपणे भरला होता, त्यांची जादा रक्कम रोख परत न देता पुढील ४ वर्षांच्या देयकांत समान हप्त्यांनी वळती करण्याचे ठरले. अनेकांना त्यासाठी पीटी-३ हा अर्ज पुराव्यांसह भरावा लागला. पैसे गेले एका दिवसात. परतीचा प्रवास मात्र चार वर्षांचा!

महापालिकांची अडचण खोटी नाही. हुडकोच्या कर्जाचा बोजा जळगावला दीर्घकाळ वाहावा लागला, हे सर्वज्ञात आहे. एप्रिलमध्ये आलेला पैसा वेतनात व देयकांत खर्ची पडतो आणि सार्वजनिक निधीतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक रुपयाचा हिशेब लेखापरीक्षकास द्यावा लागतो. तथापि, ज्याने घर विकून मुलाकडे पुण्यास किंवा सुरतेस बिऱ्हाड हलविले, त्याला पुढील बिल येणार तरी कोठून? त्याच्या दृष्टीने ‘वळते करणे’ म्हणजे रक्कम बुडणेच होय.

दुसरीकडे, थकबाकीदारांसाठी अभय योजना निघतात. विलंबापोटी दरमहा २ टक्के दराने आकारलेली शास्ती त्यांना अंशतः वा पूर्णतः माफ होते. वसुलीसाठी हा उपाय कधी अपरिहार्य असेलही. पण जो थांबला त्याला माफी आणि जो पुढे आला त्याला हेलपाटे, हा धडा समाजाच्या अंगी मुरला तर करसंस्कृतीच उरणार नाही. आयकराच्या परताव्यावर केंद्र सरकार दरमहा अर्धा टक्का व्याज देते. नागरिकाच्या दिरंगाईला किंमत असेल, तर पालिकेच्या दिरंगाईलाही ती असलीच पाहिजे.

उपाय कठीण नाहीत. दुबार भरणा संगणकावर तत्काळ दिसतो. तो अर्जाची वाट न पाहता त्याच खात्यात परत जावा. अन्य प्रकरणांत अर्जाची पोच, निर्णयाची मुदत व नकाराची लेखी कारणे बंधनकारक असावीत. रोख परतावा की पुढील बिलात वजावट, हे नागरिकाने ठरवावे. प्रलंबित प्रकरणांची प्रभागनिहाय संख्या दर तिमाहीस जाहीर व्हावी आणि अंदाजपत्रकात परताव्यासाठी स्वतंत्र तरतूद असावी. २०२३ मध्ये दोन्ही महापालिकांची मुदत संपून कारभार प्रशासकांच्या हाती गेला, तेव्हा दाद मागण्यासाठी नगरसेवकही उरला नव्हता. न्याय व्यक्तीवर नव्हे, व्यवस्थेवर विसंबून असावा, हे त्या काळाने शिकविले आहे.

कायद्याच्या आधाराविना कोणताही कर आकारता वा वसूल करता येणार नाही, असे राज्यघटनेचा २६५ वा अनुच्छेद सांगतो. जादा घेतलेला रुपया हा कर नव्हेच. ती नागरिकाची ठेव आहे. ठेव परत करणे हे उपकार नसून कर्तव्य असते. जळगाव व धुळ्याने ते स्वतःहून पाळले, तर पुढील एप्रिलमध्ये भरणा खिडकीपुढील रांग लांबेल. आणि त्यासाठी कोणत्याही अभय योजनेची गरज पडणार नाही.