वृद्धांना श्रोते करणे थांबवा

दरवर्षी १ ऑक्टोबर उजाडला, की आपल्याकडील सेवाभावी मंडळांना वृद्धाश्रमाची आठवण होते. संयुक्त राष्ट्रांनी १९९० साली हा दिवस ज्येष्ठांसाठी नेमून दिला. त्या दिवशीचा कार्यक्रमही आता नेमून दिल्यासारखाच झाला आहे. फळांच्या पिशव्या, शाली, पाहुण्यांचे भाषण, दोन भजने आणि शेवटी छायाचित्र. तासाभरात मंडळी कृतार्थ होऊन परततात. ज्यांच्यासाठी हा समारंभ झाला, त्यांना 'आपल्याला काय ऐकायला आवडेल?' असे कोणी विचारलेले नसते. 'आज आपण आम्हांला काय ऐकवाल?' हा प्रश्न तर कोणाच्या मनातही येत नाही. प्रस्तुत लेख या प्रथेच्या विरोधात आहे. आणि ही प्रथा साजरी करण्यात साहित्यप्रेमी म्हणवणारे आपणही मागे नाही, म्हणून तो आपल्याही विरोधात आहे.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा कायदा २००७ साली झाला. प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा एक तरी वृद्धाश्रम असावा, ही त्याच्या १९व्या कलमातील अपेक्षा. अशा आश्रमांच्या व्यवस्थापनात वैद्यकीय देखभालीच्या जोडीने करमणुकीच्या साधनांचाही उल्लेख त्याच कलमात आहे. औषधाच्या पंक्तीला कायद्याने आनंदाला बसवले, हे चांगलेच झाले. परंतु व्यवहारात या शब्दाचा अर्थ काय उरला? सामाईक खोलीतील दूरचित्रवाणी संच, त्यासमोर ओळीने मांडलेल्या खुर्च्या आणि कोणती वाहिनी लावायची हे ठरवणारा परिचारक.

वास्तविक 'करमणूक' हा शब्द ज्या 'करमणे' या क्रियापदातून आला, त्याचा आशय फार खोल आहे. नव्याने सासरी आलेली मुलगी 'मला इथे करमत नाही' असे म्हणते, तेव्हा ती नाटकाचे तिकीट मागत नसते. आपले म्हणावे असे माणूस, हाताला आपले काम आणि आपल्या शब्दाला वजन, एवढे तिला हवे असते. वृद्धाश्रमातील माणूसही तेच सांगत असतो. आपण मात्र त्याला भजन ऐकवून परत येतो.

हा प्रश्न आपल्या हवेलीचा नाही, असे काहींना वाटेल. २०११च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण दादरा-नगर हवेलीत शेकडा ४च्या आसपास, म्हणजे देशात सर्वांत कमी होते. केरळात ते साडेबाराच्या घरात होते. याचे कारण उघड आहे. कारखान्यांमुळे येथे कामकरी वयाची माणसे सतत येत राहिली आणि त्यांच्या गर्दीत म्हातारपण दिसेनासे झाले. परंतु १९६१नंतर नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने येथे आलेल्या आपल्या जुन्या कुटुंबांपुरता हिशेब मांडून पाहावा. तेव्हाचा पंचविशीतला तरुण आज नव्वदीच्या आसपास असेल. ज्यांची मुले पुण्या-मुंबईस किंवा परदेशी स्थिरावली, त्यांच्यावर राखोली-सिल्वासातील घर बंद करून कुठल्या तरी आश्रमाचा आसरा घेण्याची पाळी येऊ शकते. तो आश्रम गुजरातेत असला, तर परिचारिकेची भाषा गुजराती किंवा हिंदी असणार. त्या भाषा आपल्याला परक्या नाहीत, हे खरे. पण स्मृती क्षीण होऊ लागली, की मागाहून शिकलेली भाषा पुष्कळदा आधी निसटते आणि लहानपणीची मागे राहते. अशा वेळी मराठीत बोलणारे माणूस भेटणे ही चैन राहत नाही, गरज होते.

यावर नेहमीचे उत्तर असे, की या वयात विश्रांती हवी, जबाबदारी कशाला? एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील एका शुश्रूषागृहात केलेला प्रयोग १९७६ साली प्रसिद्ध झाला. रहिवाशांच्या एका गटाला सांगण्यात आले, की खोलीची मांडणी तुम्ही ठरवा, चित्रपट कोणत्या दिवशी पाहायचा ते तुम्ही निवडा, आणि एक रोपटे निवडून त्याला पाणीही तुम्हीच घाला. दुसऱ्या गटालाही रोपटी मिळाली. मात्र त्यांची आणि तुमची काळजी कर्मचारी घेतील, असे त्यांना सांगितले गेले. तीन आठवड्यांतच पहिला गट अधिक उत्साही दिसू लागला. दीड वर्षानंतर पहिल्या गटातील शेकडा १५, तर दुसऱ्यातील शेकडा ३० जण मरण पावले होते. माणसे थोडी होती, म्हणून मृत्यूच्या आकड्यांवर फार भार देऊ नये, हे मान्य. तरीही कुंडीत पाणी घालण्याचा अधिकारसुद्धा माणसाला उभारी देतो, एवढे या प्रयोगातून निश्चित दिसते.

हे समजण्यासाठी अमेरिकेलाच जायला हवे असे नाही. वारली हा हवेलीतील सर्वांत मोठा आदिवासी समाज आपला शेजारी आहे. त्यांच्या परंपरेत लग्नाचे विधी धवलेरी ही जाणती स्त्री गाण्यांतून पार पाडते. तिची गाणी म्हणजे लग्नाच्या मांडवातील करमणूक नव्हे. तिच्या मुखात असलेल्या विद्येवाचून तो विधीच पुरा होत नाही. अशा स्त्रीला कोणी शाल देऊन कोपऱ्यात बसवत नाही. ज्यांना आपण मागास म्हणत आलो, त्यांनी वृद्ध स्त्रीच्या स्मृतीला मान दिला. आणि आपण सुशिक्षितांनी काय केले? 'नटसम्राट' १९७०च्या डिसेंबरात रंगभूमीवर आले, तेव्हापासून आपण म्हातारपणावर अश्रू ढाळायला शिकलो. नाटक थोर आहे यात शंका नाही. पण प्रेक्षागृहात रडून मोकळे झालेले आपण वृद्धाश्रमात जातो तेही करुणेचा प्रयोग पाहायला गेल्यासारखे.

मग करावे तरी काय? जिने चाळीस वर्षे स्वयंपाकघर चालवले, तिला आश्रमाच्या मुदपाकखान्याच्या दारातही उभे राहू दिले जात नसेल, तर तिच्यासमोर भाजी निवडायला ठेवावी आणि फोडणीबद्दल तिचे मत घ्यावे. निवृत्त शिक्षकाकडे आसपासच्या मुलांना शिकवणीसाठी पाठवावे. हिशेबनिसाला आश्रमाचे ग्रंथालय सांभाळायला द्यावे. नेदरलँड्समधील डेव्हेंटर येथे 'ह्युमॅनिटास' या वृद्धनिवासात विद्यार्थ्यांना भाडे न घेता खोली मिळते. त्याबदल्यात महिन्याला ३० तास त्यांनी चांगला शेजारी म्हणून वागायचे असते. शेजार म्हटला, की देवाणघेवाण आली. नुसते घेत राहणे कोणाही स्वाभिमानी माणसाला जड जाते. म्हणून कोणत्याही उपक्रमाला तीन प्रश्न विचारावेत: तो कोणी निवडला? 'नको' म्हणण्याची मुभा आहे काय? आणि रहिवासी त्यातून कोणाच्या उपयोगी पडतो काय?

आश्रमचालक म्हणतील, मनुष्यबळ अपुरे आहे. कोणी पडले-झडले तर जाब आम्हांला द्यावा लागतो. ही अडचण खरी आहे आणि ती थट्टेवारी नेऊ नये. परंतु खुर्चीत बसवून ठेवलेला वृद्ध सुरक्षित असतो, हा समज मात्र तपासला पाहिजे. न वापरलेले पाय दुबळे होतात आणि दुबळे पायच घात करतात. जे अंथरुणाला खिळले आहेत किंवा ज्यांची स्मृती गेली आहे, त्यांचे काय, असेही विचारले जाईल. त्यांनाही निवड उरतेच: खिडकी उघडावी की मिटावी, आज कोणती साडी नेसावी, आधी चहा की आधी स्नान. इतके लहान अधिकारही हिरावून घेण्याला आपण 'सेवा' म्हणू नये.

आता आपल्या मंडळाविषयी. दादरा, नरोली, सिल्वासा १९५४च्या जुलै-ऑगस्टमध्ये पोर्तुगीजांच्या हातून मुक्त झाले. त्या वेळी जे दहा वर्षांचे होते, त्यांनीही आज ऐंशी ओलांडली आहे. पुढे दमणगंगेवर मधुबन धरण झाले, त्याआधीचा नदीकाठ आठवणारेही आता थकले आहेत. ही माणसे गेली, की उरेल ती फक्त सरकारी पुस्तिकांतील तारीख. अशा माणसांना फळे देऊन परतणारे साहित्य मंडळ आपल्याच घरातील पोथी वाळवीला देत आहे.

म्हणून मागणी साधी आहे. येत्या १ ऑक्टोबरला आपण आश्रमात कार्यक्रम घेऊन जाऊ नये. त्याऐवजी वर्षातून चार वेळा गाडी पाठवावी आणि आश्रमातील मराठी रहिवाशांना आपल्या बैठकीस आणावे. तेही पाहुणे म्हणून नव्हे, वर्गणी घेऊन, सभासद म्हणून. त्यांना मत असावे, वाद घालण्याचा अधिकार असावा. ज्यांना येववत नाही, त्यांच्याकडे वही घेऊन जावे, त्यांचे बोलणे उतरवून घ्यावे, त्यांना वाचून दाखवावे आणि त्यांच्या नावाने याच पानांवर छापावे. मजकूर रुचला नाही तर त्यांनी तो फेटाळावा, आणि आपण निमूटपणे पुन्हा लिहावा. शाल मात्र कोणी नेऊ नये.