कुणाला दिलं, ते विचारू नका

परवा मतदान करून शाळेच्या फाटकातून बाहेर पडले. माझ्यापुढे एक मावशी होत्या. टॅब घेऊन उभ्या असलेल्या एका मुलाने त्यांना गाठलं. "मावशी, कुणाला दिलं?" मावशींनी आधी शेजारी पाहिलं. तिथे पक्षाचं टेबल मांडून, याद्या पसरून कार्यकर्ते बसले होते. त्यांच्याकडे बघतच मावशींनी एक चिन्ह सांगितलं आणि भराभरा निघून गेल्या. मुलाने ते टिपून घेतलं. हे उत्तर आहे का? ही तर भीती आहे.

अशा एक्झिट पोलबद्दलचा कायदा थोडक्यात सांगते. लोकप्रतिनिधित्व कायद्यात २००९ च्या दुरुस्तीने १२६अ हे कलम आलं. पहिल्या टप्प्याचं मतदान सुरू झाल्यापासून शेवटच्या टप्प्याचं संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोलचे आकडे जाहीर करायला बंदी. मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. २०२४ च्या लोकसभेला म्हणूनच १ जूनच्या संध्याकाळी साडेसहापर्यंत वाहिन्या थांबल्या होत्या.

या कलमाचा सगळा भर आकडे कधी दाखवायचे यावर आहे. प्रश्न कुठे आणि कुणाच्या देखत विचारायचा, याकडे लक्ष कोण देणार? 'लोकनीती'सारखी संस्था मतदानानंतर घरी जाऊन विचारते, नमुना मतपत्रिका देते आणि ती पेटीत टाकायला सांगते. म्हणजे माणसाची लाज आणि भीती दोन्ही राखून विचारता येतं. फाटकावर घाई करणाऱ्यांनी हे शिकावं.

पण मला खरी चिंता गावाकडच्या मतदाराची आहे. तिथे कुणी न विचारताही मत कळतं. निकालानंतर केंद्रनिहाय आकडे जाहीर होतात. एखाद्या छोट्या वाडीचं एकच केंद्र असेल, तर त्या वाडीने कुणाला नाकारलं हे दुसऱ्या दिवशी साऱ्या तालुक्याला ठाऊक होतं. मग "मतं दिली नाहीत, आता रस्ता मागायला येऊ नका" हे ऐकावं लागतं. पाण्याचा टँकर उशिरा येतो. बायका हंडे घेऊन उभ्या राहतात.

यावर उपाय आहे. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजता येत. यंत्रं आली आणि ती सोय गेली. अनेक यंत्रांची मतं एकत्र मोजणारं 'टोटलायझर' निवडणूक आयोगाने २००८ मध्येच सुचवलं. विधी आयोगानेही २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्याची शिफारस केली. तरीही ते वापरात आलेलं नाही. वाडीचा कौल झाकला गेला तर वाडीला धमकावणार कसं, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्यासाठी गरिबांची गुप्तता पणाला लावायची, हे मला मान्य नाही.

तेव्हा मत मागायला कुणी दारात आलं, की त्याला टोटलायझरबद्दल विचारा. आणि एक लक्षात ठेवा, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्याच ९४ व्या कलमानुसार तुम्ही कुणाला मत दिलं हे सांगायची सक्ती न्यायालयातही करता येत नाही. मग फाटकावरचा मुलगा, सोसायटीचा अध्यक्ष, घरातला थोरला दीर, कुणीही विचारलं तरी "सांगणार नाही" एवढंच म्हणा. आणि घरातल्या बाईला तुम्हीही विचारू नका.