घरचाच ऊस, घरचीच गाडी : ई२० पेट्रोलवर मारुती ८००चं जुनं इंजिन किती टिकेल?

औशाहून लातूर जेमतेम वीस किलोमीटर. या रस्त्यावर नव्या एसयूव्हींच्या गर्दीत 'एमएच २४' पाटीची एखादी जुनी मारुती ८०० अजूनही दिसते. कुणी तिच्यातून आईवडिलांना दवाखान्यात नेतं, कुणी शेतातला माल बाजारात आणतं. गाडी जुनी असली तरी चालते आणि बिघडली तर गावातला मेकॅनिक दुरुस्त करतो. म्हणूनच ती अजून दारात उभी आहे.

पण पंपावरचं पेट्रोल बदललंय. आता देशभर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. त्यालाच ई२० म्हणतात. या इथेनॉलचा एक मोठा स्रोत म्हणजे ऊस, लातूर जिल्ह्यातल्या अनेक घरांचं नगदी पीक. म्हणजे उसाचे पैसे ज्या घरात येतात, त्याच घरातल्या जुन्या गाडीत हे इंधन जातं. मग त्या गाडीच्या इंजिनचं काय होतं?

हे इंजिन इतकं टिकलं कसं?

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि तिचं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं. तिचं मूळ इंजिन सुझुकीचं 'एफ८बी'. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, ताकद सुमारे ३७ बीएचपी. हेच इंजिन ओम्नी व्हॅनलाही होतं.

आजच्या हिशेबाने ही ताकद किरकोळ वाटते. पण गाडीचं वजनही साधारण ६५० किलोच होतं, त्यामुळे इंजिनवर फारसा ताण येत नसे. रचना साधी. कार्बोरेटरच्या गाडीत ना कॉम्प्युटर, ना सेन्सर. कॅमशाफ्टवर चालणारा पेट्रोल पंप, थंडीत ओढायचा चोक आणि पाना-स्क्रूड्रायव्हरने जमणारं ट्यूनिंग. तीस वर्षं गाडी विकली गेल्यामुळे सुटे भाग आणि काम येणारे हात गावोगावी तयार झाले. या इंजिनच्या भरवशाचं गुपित इतकंच आहे.

कायद्याने मात्र ही गाडी 'व्हिंटेज' नाही. २०२१ च्या नियमांनुसार त्यासाठी पन्नास वर्षांहून जास्त वय लागतं. ८०० ची सगळ्यात जुनी गाडीही अजून तिथे पोचलेली नाही. त्यामुळे हौशी संग्राहकांसाठीचे नियम तिला लागू नाहीत. ती रोजच्या वापरातली जुनी गाडी आहे, एवढंच.

इथेनॉलने नेमकं काय बदलतं?

पहिली गोष्ट ॲव्हरेजची. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. पाचवा हिस्सा इथेनॉल म्हटल्यावर एकूण ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही बिगर-इथेनॉल पेट्रोलसाठी बनलेल्या आणि ई१०साठी जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज ई२० वर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असाच अंदाज आहे.

हिशेब करून पाहू. लिटरला १६ किलोमीटर देणारी गाडी महिन्याला ५०० किलोमीटर फिरली, तर सव्वाएकतीस लिटर पेट्रोल लागतं. ॲव्हरेज सहा टक्क्यांनी पडलं, तर सव्वातेहतीस लिटर. म्हणजे महिन्याला दोन लिटर जास्त. पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर वर्षाला अडीच हजारांच्या आसपास भुर्दंड.

दुसरी गोष्ट हवेच्या प्रमाणाची. पेट्रोल नीट जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. नव्या गाड्यांमधला ऑक्सिजन सेन्सर हा फरक ओळखून इंधन वाढवतो. कार्बोरेटरला ते कळत नाही. जेटचं भोक जेवढं आहे, तेवढंच इंधन जातं. त्यामुळे मिश्रणात हवा जास्त होते. सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही, पिकअप दबतो, कधी मिसिंग जाणवतं. प्लग काढल्यावर तो पांढरट दिसला, तर हीच शंका घ्यायची.

ई२० चा ऑक्टेन जास्त असतो, हा फायदा सरकार सांगतं आणि तो खराही आहे. पण त्याचा लाभ जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनला होतो. या जुन्या इंजिनचं कॉम्प्रेशन मुळातच कमी असल्याने त्याच्या पदरात फारसं काही पडत नाही.

तिसरी गोष्ट रबराची. पेट्रोलचे पाइप, पंपाचा डायफ्राम, कार्बोरेटरमधले रबरी भाग हे सगळं जुन्या काळच्या पेट्रोलसाठी बनलेलं. इथेनॉलमुळे असं रबर फुगतं, मऊ पडतं किंवा त्याला चिरा जातात. आणि पेट्रोलचा पाइप गरम इंजिनजवळ गळत असेल, तर प्रश्न ॲव्हरेजचा राहत नाही, आगीचा होतो.

चौथी गोष्ट पाण्याची. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं. पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली आणि टाकी अर्धी रिकामी असली, तर टाकी गंजण्याची शक्यता वाढते. शिवाय टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेला थर इथेनॉलने सुटतो. तो कचरा आधी फिल्टरमध्ये आणि मग जेटमध्ये अडकतो.

म्हणजे धोका पिस्टनपेक्षा टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या वाटेला जास्त आहे. इंजिन एका दिवसात निकामी होईल, ही भीती अनाठायी आहे. पण 'काहीच होत नाही' हेही खरं नाही.

सरकार काय म्हणतं?

ई२० ची सुरुवात फेब्रुवारी २०२३ मध्ये झाली. २० टक्क्यांचं मूळ उद्दिष्ट २०३० चं होतं, ते २०२५ मध्येच गाठलं गेलं. तेलाची आयात आणि प्रदूषण कमी होतं, शेतकऱ्याला पैसा मिळतो, ही सरकारची बाजू. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने ॲव्हरेजमधली घट किरकोळ असल्याचं म्हटलं. काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि गॅस्केट २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, हेही मान्य केलं. तो खर्च कमी असतो, असं मंत्रालयाचं म्हणणं.

इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्यायही ठेवावा, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

ब्राझीलचं उदाहरण नेहमी दिलं जातं. तिथे पेट्रोलमध्ये याहून जास्त इथेनॉल असतं, हे खरं. पण तिथल्या गाड्या अनेक दशकांपासून इथेनॉल गृहीत धरूनच बनतात. आपल्याकडे ई२०ला चालतील अशा साहित्याच्या गाड्या एप्रिल २०२३ पासून येऊ लागल्या.

भार कुणावर?

इथेनॉल मिसळल्यावर पेट्रोल स्वस्त होईल, अशी अपेक्षा होती. तसं झालं नाही, कारण २०२४-२५ च्या हंगामात इथेनॉलची सरासरी खरेदीच लिटरला ७१ रुपयांच्या घरात होती. त्यातच ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क १० हजार रुपये झालं.

यातला प्रत्येक खर्च एकेकटा पाहिला तर छोटा आहे. पण जुनी गाडी वापरणाऱ्यांत नवी परवडत नाही म्हणून ती ठेवणारेच जास्त. हे सगळे खर्च त्यांच्याच खिशातून जातात, आणि साध्या पेट्रोलमध्ये निवड करण्याची सोय पंपावर नाही. ऊस लावणाऱ्या घराला इथेनॉलचा फायदा कारखान्याच्या बिलातून फिरून मिळतो, भुर्दंड मात्र थेट पंपावर बसतो.

जुनी ८०० असेल तर काय करावं?

पेट्रोलचे सगळे रबरी पाइप इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घालून घ्या, पंपाचा डायफ्राम तपासा. टाकी एकदा साफ करून फिल्टर बदला. कार्बोरेटरचं ट्यूनिंग करून घ्या, गरज असेल तर थोडा मोठा जेट बसवता येतो. गाडी आठवड्यातून एकदा तरी चालवा. पेट्रोलचा वास आला, तर सुरू करण्याआधी पाइप पाहा.

चाळीस वर्षांपूर्वीची साधी रचना इथे उपयोगी पडते. सेन्सर नसल्याने हे इंजिन नवं इंधन स्वतः ओळखू शकत नाही. पण त्याच साधेपणामुळे औशातला एखादा जाणता मेकॅनिक एका दुपारीत ते नव्या इंधनाशी जुळवून देऊ शकतो.